कुलूप मजबूत, पण ते कशाला जखडले आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरफोडीच्या बातमीत 'चोरट्यांनी कुलूप तोडून आत प्रवेश केला' हे वाक्य ठरलेले असते. पुढे काय गेले आणि ते किती किमतीचे होते, याचा तपशील येतो. कुलपे आणि तिजोऱ्या बसवणाऱ्या माणसांना फोडलेल्या दारापाशी मात्र वारंवार वेगळेच दिसते. कुलूप शाबूत असते. चौकट फाटलेली असते, कोयंडा उपटलेला असतो आणि जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचे चार स्क्रू जमिनीवर पडलेले असतात. बातमी वाचून धास्तावलेला वाचक दुकानातून आणखी जाड कुलूप आणतो आणि ते त्याच लाकडात, तसल्याच स्क्रूंनी बसवतो. पैसे खर्च होतात, दार होते तेवढेच कच्चे राहते. म्हणून कुलपापेक्षा ते ज्याला जखडले आहे त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहीत आहे. आपण जागा द्यावी, ही विनंती.

आधी एक हिशेब. घराचे कोणतेही दार कायमचे अभेद्य नसते. ते चोराचा वेळ खाते आणि त्याला आवाज करायला लावते, एवढेच त्याचे काम. युरोपात दारे-खिडक्यांची ही ताकद ईएन १६२७ या मानकाने मोजतात. त्यातल्या आरसी २ दर्जाच्या दाराने स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, पाचर अशा हत्यारांपुढे ३ मिनिटे टिकायचे असते. आरसी ३ दर्जाच्या दाराने पहारीपुढे ५ मिनिटे. आकडे लहान वाटतील, पण शेजाऱ्याला ऐकू जाईल असा आवाज ३ मिनिटे करत राहणे चोराला परवडत नाही. या मानकातली खरी शिकवण अशी, की चाचणी सुट्या कुलपाची होत नाही. फळी, चौकट, बिजागऱ्या, कुलूप, काच हे सगळे बसवलेल्या अवस्थेत तपासले जाते. नेदरलँड्समध्ये १९९९ पासून नव्या घरांची दारे-खिडक्या घरफोडीला दाद न देणारी असावीत, असा बांधकामाचा नियमच झाला. नंतरच्या अभ्यासात अशा घरांतील घरफोड्यांचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी घटलेले आढळले. पहारेकरी न वाढवता, केवळ दारे-खिडक्या नीट बसवल्याने एवढा फरक पडला.

आता आपले दार उघडा आणि चौकटीकडे पाहा. कुलपाचा बोल्ट, म्हणजे किल्ली फिरवल्यावर बाहेर येणारी दांडी, जिथे शिरतो तिथे धातूची पट्टी असते, तिला स्ट्राइक प्लेट म्हणतात. तिचा एक स्क्रू काढून मोजा. तो १५ ते २० मिलिमीटरचा निघाला तर तो चौकटीच्या वरच्या थरातच अडकलेला आहे. बोल्टसाठी कोरलेली खाच आणि चौकटीची कड यांमध्ये लाकडाची पातळशी भिंत उरते. दारावर लाथ बसते तेव्हा सगळा जोर त्या पातळ भागावर येतो आणि लाकूड रेषेरेषेने उभे चिरते. बोल्ट कितीही पोलादी असला तरी त्याला धरून ठेवायला काही उरत नाही.

उपाय महागडा नाही. दोन-तीन मिलिमीटर जाडीची, शक्य तितकी लांब पोलादी पट्टी घ्यावी, म्हणजे जोर एका जागी न एकवटता पसरतो. ती ७५ मिलिमीटर लांबीच्या स्क्रूंनी अशी बसवावी, की स्क्रू चौकट ओलांडून मागच्या भक्कम लाकडात रुततील. चौकटीमागे वीट किंवा काँक्रीट असेल तर आणखी लांब, नायलॉन प्लगसकट येणारे फ्रेम-फिक्सिंग स्क्रू लागतात. ५ मिलिमीटर जाडीच्या स्क्रूसाठी आधी ३ ते ३.५ मिलिमीटरचे छिद्र पाडून घ्यावे. ही पायरी घाईत गाळली जाते, मग जाड स्क्रू आत शिरतानाच लाकूड चिरतो आणि जे वाचवायचे तेच आधी फुटते. चौकट आणि भिंत यांमध्ये कुलपाच्या उंचीवर पोकळी असेल तर तिथे कठीण लाकडाच्या पाचरी ठोकून ती भरावी. पोकळी तशीच राहिली तर पहारीने चौकट भिंतीकडे दाबली जाते, बोल्ट खाचेतून सुटतो आणि काहीही न मोडता दार उघडते. पोकळी फक्त फोमने किंवा पुट्टीने भरून वर रंग दिलेला असतो, तेव्हा हा दोष बाहेरून दिसतही नाही. चौकटीवर बोटाने टकटक करून पोकळ आवाज येतो का, ते ऐकावे.

बोल्ट निदान २५ मिलिमीटर बाहेर येणारा असावा आणि दार व चौकट यांतली फट ३ मिलिमीटरच्या आसपास. फट वाढली की चौकटीत शिरणारी बोल्टची लांबी तेवढीच घटते. जुनी दारे उतरतात, लाकूड आकसते, मग हा फरक पडतो. दार कुलूपबंद करून कुलपाच्या उंचीवर, मग वरच्या आणि खालच्या कोपऱ्यात हाताने दाबून पाहा. मध्ये घट्ट असलेले दार कोपऱ्यात लवत असेल तर तिथे पहार शिरायला जागा आहे. आतून लावायची वरची-खालची खिट्टी किंवा जुन्या पद्धतीचा आडणा रात्रीसाठी उत्तम काम देतो. घराबाहेर पडताना मात्र तो लावता येत नाही, म्हणून तेव्हासाठी तीन ठिकाणी बोल्ट टाकणारे कुलूप घ्यावे.

दार ओढून घेतले, 'खट्' आवाज झाला, की कुलूप लागले असे समजणारे पुष्कळ आहेत. तो आवाज स्प्रिंगवरच्या तिरक्या जिभेचा असतो आणि ती प्लॅस्टिकच्या लवचीक तुकड्यानेही मागे सरकू शकते. हे टाळण्यासाठी चांगल्या लॅचमध्ये, म्हणजे अशा जिभेच्या कुलपात, जिभेशेजारी एक बारीक दांडी असते. दार बंद असताना ती चौकटीवरच्या पट्टीने दाबलेली राहिली तरच जीभ अडकून बसते. फट जास्त असली किंवा पट्टीचे भोक मोठे कापले गेले, की जीभ आणि दांडी दोन्ही एकाच भोकात पडतात आणि संरक्षण संपते. म्हणून दार ओढल्यावर किल्ली फिरवायचीच, मग खाली कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत का जायचे असेना.

दोन्ही बाजूंनी किल्ली लागणाऱ्या लांबट सिलिंडरच्या (किल्ली जिच्यात शिरते त्या नळीच्या) कुलपात आणखी एक कच्ची जागा असते. सिलिंडर धरून ठेवणारा स्क्रू त्याच्या बरोबर मध्यातून जातो आणि तिथेच धातू सर्वांत पातळ असतो. सिलिंडर हँडलच्या पट्टीबाहेर डोकावत असेल तर त्याला पकडून मोडता येते. तो २ ते ३ मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर नसावा. नवा घेताना स्क्रूच्या छिद्राच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंतची मापे वेगवेगळी घ्यावीत. सिलिंडर ३०-४०, ३५-४५ असे पाच-पाच मिलिमीटरच्या फरकाने मिळतात आणि दुकानदार हाताला येईल तो देतो. बाहेरचा तुकडा मोडला तरी आतली यंत्रणा बंदच राहील अशी मुद्दाम खाच दिलेले सिलिंडर मिळतात, तसा घ्यावा.

बिजागऱ्यांकडे कोणीच पाहत नाही. दार बाहेरच्या बाजूला उघडत असेल तर बिजागरीची खीळ बाहेर असते आणि ती काढली की कुलपाच्या विरुद्ध बाजूने दार सुटते. न निघणारी खीळ असलेल्या बिजागऱ्या मिळतात. त्या नको असतील तर वरच्या आणि खालच्या बिजागरीजवळ दाराच्या कडेला एकेक पोलादी खुंटी बसवून चौकटीत तिच्यासाठी भोक पाडावे. दार बंद झाले की खुंट्या चौकटीत शिरतात. मग खीळ निघाली तरी दार जागचे हलत नाही.

कडी-कोयंड्याला लावलेल्या कुलपाचे तर सारे बळ कोयंड्यावरच असते. कुलूप हातभर जाड आणि कोयंडा चार उघड्या स्क्रूंवर, असे दृश्य सर्रास दिसते. दार बंद असताना एकाही स्क्रूचे डोके बाहेरून दिसता कामा नये. स्क्रूऐवजी आरपार बोल्ट घ्यावेत. बाहेरून गोल डोके आणि खाली चौकोनी मान असलेले बोल्ट फळीत फिरत नाहीत आणि बाहेरून त्यांना पकडही मिळत नाही. आतल्या बाजूला नटाखाली नुसती वॉशर न घालता लोखंडी पट्टी द्यावी, नाहीतर जोर लावल्यावर नट लाकूड चिरडून आरपार निघतो. कुलूप घेताना त्याच्या अंगापेक्षा दांडी पाहावी. ती जाड, कठीण केलेल्या पोलादाची असावी आणि कोयंड्यात घातल्यावर तिच्याभोवती जेमतेम जागा उरावी. मोकळ्या जागेतच कटर शिरतो. दोन्ही खांद्यांनी दांडी झाकणारी कुलपे अधिक चांगली. युरोपीय मानकात, ईएन १२३२० मध्ये, अशा कुलपांचे १ ते ६ दर्जे आहेत. पण बाहेर लटकणारे कुलूप आणखी एक गोष्ट करते: घरात कोणी नाही हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला सांगते. मुख्य दाराला शक्यतो दारातच बसवलेले कुलूप असावे.

खिडक्यांना ग्रील आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी ती कशाने बसवली आहे ते बाहेर जाऊन पाहावे. गज भिंतीत निदान काही सेंटिमीटर गाडलेले असतील तर ठीक. लाकडी चौकटीवर बाहेरून स्क्रूने बसवलेली ग्रील स्क्रू ड्रायव्हरने निघते. ती काढून भिंतीत गाडणे शक्यच नसेल तर स्क्रूंच्या जागी एकाच दिशेने फिरणारे स्क्रू घालावेत किंवा डोकी वेल्ड करून घ्यावीत. गजांमधली मोकळी जागा १०० मिलिमीटरच्या आत असावी. त्याच वेळी निदान एका खिडकीच्या ग्रीलला आतून उघडणारे दार हवेच. आग लागल्यावर चोरासाठी लावलेले गज घरातल्यांच्या जिवावर उठतात. त्या दाराची किल्ली सर्वांना माहीत असलेल्या ठरावीक जागी ठेवावी, पण खिडकीतून हात घालून पोहोचेल अशी नको.

सरकत्या खिडकीची गोष्ट वेगळी. तिचे तावदान वरच्या खोबणीत उचलून खालच्या खोबणीतून काढता यावे असेच बनवलेले असते, कारण ते बसवतात तसेच. बंद अवस्थेत वरच्या खोबणीत तावदानाच्या वर एक ठोकळा किंवा थोडासा बाहेर राहणारा स्क्रू बसवला की ते उचलता येत नाही. खालच्या खोबणीत मापाची दांडी आडवी टाकली की ते सरकतही नाही. दोन्ही करावे, एकट्या दांडीने उचलणे थांबत नाही.

काचेबद्दल मोठा गैरसमज आहे. टफन्ड काच मजबूत म्हणून विकली जाते. ती धक्का सोसते हे खरे, पण टोकदार आघाताने तिचे क्षणात बारीक दाणे होतात आणि चौकट रिकामी होते. चोरापासून संरक्षण देते ती लॅमिनेटेड काच: दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर. ती तडकते पण जागीच राहते. मधला थर ०.३८ मिलिमीटरपासून सुरू होतो. तळमजल्यावर किंवा दाराशेजारच्या काचेला याच्या कितीतरी जाड थर घ्यावा. जुन्या काचेवर चिकटवायची फिल्म हा स्वस्त पर्याय आहे, पण ती काचेच्या कडेपर्यंत जाऊन चौकटीला चिकटवली नाही तर अख्खी काच फिल्मसकट आत पडते. पुन्हा तोच प्रश्न: कशाला जखडले आहे?

दार-खिडक्यांनंतर घरातली चीजवस्तू. झोपायच्या खोलीतले कपाट, गादीखालची जागा, कपड्यांच्या घड्या, देव्हाऱ्यामागचा कोनाडा, पिठाचा डबा या सगळ्या जागा शोधणाऱ्याच्या डोक्यात आधीच असतात. लोखंडी कपाटातले 'लॉकर' हेही पातळ पत्र्याचेच असते. त्याचा उपयोग घरातली लहान मुले आणि येणारे-जाणारे यांच्यापासून वस्तू दूर ठेवण्यापुरता. जे वर्षातून एकदोनदाच लागते ते बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे, हाच उत्तम मार्ग आहे. घरी ठेवायचेच असेल तर तिजोरी घ्यावी, आणि ती नीट समजून घ्यावी.

तिजोरी घेताना पहिला प्रश्न: ती चोरासाठी आहे की आगीसाठी? आगीच्या तिजोरीत पातळ पत्र्यांच्या मध्ये उष्णतारोधक भरणी असते. अमेरिकेतील यूएल ७२ मानकाच्या ३५० वर्गाच्या तिजोरीत ठरलेल्या वेळेपर्यंत आतले तापमान ३५० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १७७ अंश सेल्सिअसच्या खाली राहते. कागद त्यात वाचतो. पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क वाचेलच असे नाही. त्यांच्यासाठी १२५ वर्ग, म्हणजे सुमारे ५२ अंश सेल्सिअस, लागतो. पण आग सोसणारी तिजोरी पहारीपुढे टिकेल असे नाही. चोरीविरुद्धचा दर्जा वेगळा लिहिलेला असतो. युरोपीय ईएन १४४५० मध्ये एस १ आणि एस २ हे हलके दर्जे, तर ईएन ११४३-१ मध्ये शून्यापासून चढत जाणारे भारी दर्जे. दाराच्या आतल्या बाजूला चाचणी संस्थेची धातूची पट्टी नसेल तर 'अतिशय सुरक्षित' या जाहिरातीच्या शब्दांना काही अर्थ नाही. आगीच्या तिजोरीच्या भरणीतून आत ओलावाही येतो. कागद बंद पिशवीत ठेवावेत, सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या अधूनमधून बदलाव्यात. मोती आणि ओपल यांना मात्र फार कोरडी हवा सोसत नाही. त्यांच्या डबीत पुडी टाकू नये.

आता जखडणे. ईएन ११४३-१ नुसार १००० किलोपेक्षा हलक्या तिजोरीला जमिनीशी किंवा भिंतीशी बांधण्याची सोय असावीच लागते. घरगुती तिजोऱ्या बहुधा ३० ते १०० किलोंच्या असतात. न बांधलेली तिजोरी दोन माणसे उचलून नेतात आणि निवांत जागी नेऊन फोडतात. सगळा ऐवज एका जागी बांधून दिल्यासारखेच ते होते. आणि तरीही तिजोरीसोबत आलेले बोल्ट पिशवीतच राहिल्याचे पुष्कळ घरांत दिसते, कारण फरशीला भोक पाडायला जीव धजावत नाही.

बसवायची जागा शक्यतो काँक्रीटची जमीन, दोन भिंतींच्या कोपऱ्यात. कोपऱ्यात दोन बाजूंना पहार घालायला आणि हत्यार फिरवायला जागा मिळत नाही. १० किंवा १२ मिलिमीटरचे अँकर बोल्ट, म्हणजे काँक्रीटच्या भोकात घट्ट रुतून बसणारे बोल्ट, घ्यावेत, तिजोरीत जेवढी भोके दिली असतील तेवढे सगळे. बोल्ट फरशीत नव्हे, खालच्या काँक्रीटमध्ये पुरेसा खोल, ८० मिलिमीटरच्या आसपास, जायला हवा. म्हणून फरशी आणि तिच्याखालच्या भरावाची जाडी आधी मोजून तेवढी लांबी वाढवावी. भोक पाडल्यावर आतली धूळ ब्रशने आणि हवेने पूर्ण काढावी. धूळ राहिली तर प्रसरण पावणारा अँकर भोकाच्या कडांना न धरता धुळीत घसरतो, आणि रासायनिक अँकरची गोंद काँक्रीटऐवजी धुळीलाच चिकटते. अँकर काँक्रीटच्या कडेपासून वीतभर तरी आत असावा, नाहीतर कडच फुटून निघते. पोकळ विटांच्या भिंतीत साधा अँकर धरतच नाही. तिथे जाळीच्या नळीसह रासायनिक अँकर लागतो. भोक पाडण्याआधी खालून पाण्याची नळी किंवा विजेची तार जात नाही ना, ते तपासावे. लाकडी कपाटाच्या फळीला स्क्रूने बांधलेली तिजोरी फळीसकट निघते. तसे बांधणे न बांधण्यासारखेच.

आकड्यांच्या कुलपाची तिजोरी घेतली की त्याच दिवशी कारखान्यातून आलेला मूळ आकडा बदलावा. मालकाचा एक आणि देखभालीचा दुसरा, असे दोन असतात. दुसरा बहुतेक लोक विसरतात. वाढदिवस, वाहनाचा आणि फोनचा क्रमांक नको. त्याच चार बटणांवर बोटांचे डाग राहतात, म्हणून पाटी पुसत जावी. बॅटरी वर्षातून एकदा बदलावी. तिजोरीसोबत येणारी आपत्कालीन किल्ली तिजोरीतच ठेवून दार लावणारे लोक आहेत, आणि बॅटरी संपल्यावर ते तिजोरी फोडून घेतात! ती किल्ली घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे असावी. घरातच ड्रॉवरमध्ये ठेवली तर चोराला तिजोरी फोडायचीही गरज उरत नाही. अगदी स्वस्त इलेक्ट्रॉनिक पेट्यांची आतली कडी नुसत्या जोरदार धक्क्यानेही सुटू शकते. मौल्यवान वस्तूंसाठी त्या घेऊच नयेत.

कॅमेऱ्यांवर हल्ली तिजोरीपेक्षा जास्त खर्च होतो. कॅमेरा चोर थांबवत नाही. तो नोंद करतो, तीही चेहरा ओळखू येईल अशी असली तर उपयोगाची. आयईसी ६२६७६-४ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत अनोळखी माणसाची ओळख पटवायला चित्रात दर मीटरला २५० पिक्सेल लागतात असे धरले होते. आधीच माहीत असलेला माणूस ओळखायला १२५. साध्या फुल एचडी कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल असते. म्हणजे पावणेआठ मीटरपेक्षा रुंद दृश्य घेतले की चेहऱ्याची खात्री देता येत नाही. ९० अंश टिपणाऱ्या भिंगाने ही रुंदी जेमतेम ३.८ मीटर अंतरावरच भरते. सगळे अंगण दाखवणारा कॅमेरा म्हणून 'टोपी घातलेली आकृती' एवढेच दाखवतो. एक कॅमेरा मुद्दाम प्रवेशाच्या अरुंद जागेवर, चेहऱ्याच्या जवळपासच्या उंचीवर रोखावा. छताजवळून फक्त डोकी दिसतात. नोंदी साठवणारा डबा टीव्हीखाली ठेवला तर चोर तोही नेतो. तो कुलूपबंद जागी असावा किंवा नोंदीची दुसरी प्रत घराबाहेर जावी. मूळ पासवर्ड बदलावा, घड्याळाची वेळ तपासावी आणि किती दिवसांनी जुन्या नोंदी पुसल्या जातात ते माहीत असावे. वायफायवर चालणारा कॅमेरा वीज गेली की मुका होतो. राउटरलाही बॅटरीचा आधार हवा.

हालचाल टिपणारा अलार्म खोलीच्या कोपऱ्यात दोन-सव्वादोन मीटर उंचीवर लावावा. त्याच्यासमोरून आडवे जाणाऱ्या माणसाला तो चटकन पकडतो, सरळ त्याच्याकडे चालत येणाऱ्याला उशिरा. उन्हाच्या खिडकीकडे किंवा गरम हवेच्या झोताकडे तोंड असले की खोटे अलार्म वाजतात, मग घरचेच लोक वैतागून तो बंद करून ठेवतात.

एवढे करूनही चोरी झाली तर वस्तू परत मिळण्याचा धागा म्हणजे यादी. जप्त केलेल्या मालातली साखळी तुमचीच, हे सिद्ध कसे करणार? 'सोन्याची साखळी, एक' या वर्णनाने नाही. प्रत्येक दागिन्याचा फोटो पुढून, मागून आणि फाशाचा जवळून घ्यावा. शेजारी मोजपट्टी ठेवावी. वजन ग्रॅममध्ये, दशांशापर्यंत. शिक्का, खड्यांची संख्या आणि माप, दुरुस्तीची खूण, वाकलेला दुवा हे सगळे लिहावे. ओळख पटते ती अशा बारीक दोषांवरूनच. फोनचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक *#०६# डायल केल्यावर दिसतो. लॅपटॉपचा क्रमांक खालच्या बाजूला, सायकलचा बहुधा पायडलच्या दांडीखाली फ्रेमवर, कॅमेऱ्याच्या भिंगाचा स्वतंत्र. जुन्या मूर्ती, चित्रे, भांडी असतील तर ऑब्जेक्ट आयडी हे १९९७ मध्ये जाहीर झालेले आंतरराष्ट्रीय मानक वापरावे: प्रकार, साहित्य व तंत्र, मापे, मजकूर व खुणा, वेगळेपण, शीर्षक, विषय, काळ, घडवणारा, आणि फोटो. इंटरपोलचे आयडी-आर्ट हे मोफत अ‍ॅप याच पद्धतीची नोंद करून घेते. यादीची एक प्रत घराबाहेर असावी. चोरीला जाणाऱ्या फोनमध्येच यादी असणे म्हणजे यादी नसणेच.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर अतिनील प्रकाशात दिसणाऱ्या शाईने खूण करता येते. उजेडाने ती पुसट होते, म्हणून खालच्या बाजूला करावी आणि अधूनमधून पुन्हा करावी. दागिन्यांवर आणि जुन्या सच्छिद्र वस्तूंवर ती लावू नये.

विम्याच्या कागदात तीन गोष्टी शोधा. एका वस्तूमागे कमाल किती भरपाई, घर किती दिवस सलग रिकामे राहिले तर संरक्षण थांबते, आणि जबरदस्तीने शिरल्याची खूण आवश्यक आहे का. तिसरी अट असेल तर उघड्या खिडकीतून झालेल्या चोरीची भरपाई नाकारली जाऊ शकते. कमी रकमेचा विमा हाही मोठा सापळा आहे. वस्तूंची खरी किंमत १०० आणि विमा ६० चा असेल, तर ४० च्या नुकसानीवर अनेक करारांत २४ च मिळतात. दागिन्यांचे मूल्यांकन जुने झाले की घरबसल्या ही वेळ येते.

किल्ल्यांबाबत थोडेच: पायपुसण्याखाली, कुंडीत, मीटरच्या पेटीत किल्ली ठेवू नये. किल्लीवर पत्ता लिहू नये. नव्या घरात राहायला गेल्यावर पहिल्या दिवशी सिलिंडर बदलावा, कारण आधीच्या माणसांनी किती नकला वाटल्या आहेत ते कोणालाच ठाऊक नसते. प्रवासाचे फोटो परतल्यावर टाकावेत.

शेवटी, चोरी झाल्यावर. दार उघडे दिसले तर आत जाऊ नये. कोणी आत असू शकते. पोलिसांना बोलवावे, काहीही हलवू नये, बँकेची कार्डे आणि सिम बंद करावीत, आयएमईआय कळवावा. किल्ल्या गेल्या असतील तर त्याच दिवशी सिलिंडर बदलावेत. आणि मग एक गोष्ट, जी सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते: एकदा फोडलेले घर थोड्याच काळात पुन्हा फोडले जाण्याचा धोका इतर घरांपेक्षा जास्त असतो. चोराला वाट माहीत झालेली असते आणि गेलेल्या वस्तूंच्या जागी नव्या येणार हेही कळते. इंग्लंडमधील रॉचडेलच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकात याच निरीक्षणावर एक प्रयोग झाला. चोरी झालेल्या घरांकडेच आधी लक्ष दिले गेले. त्यांची कुलपे-दारे सुधारली, ज्यांतली रोकड चोरांना खुणावत असे ते नाणी टाकून चालणारे वीज-गॅसचे मीटर काढले, आजूबाजूच्या पाच-सहा घरांना त्या घरावर लक्ष ठेवायला सांगितले. पहिल्याच वर्षात वसाहतीतल्या घरफोड्या निम्म्याहून कमी झाल्या. म्हणून फुटलेली चौकट खिळे मारून, वर पट्टी ठोकून तात्पुरती उभी करू नये. चिरलेला भाग कापून नवे लाकूड जोडावे, लांब पट्टी आणि लांब स्क्रू घालावेत, आणि चोर जिथून शिरला ती जागा त्याच आठवड्यात पक्की करून घ्यावी.

आपला,
कुलपे व तिजोऱ्या बसवण्याच्या कामातील एक वाचक